कोनाड्यातलं सोनं

काडी ओढली की गंधकाचा वास येतो आणि माझी मान दुखायला लागते. पोशेरा गावात आमची विहीर खणताना पिवळे चमकते दगड लागले, तेव्हा नवऱ्याने खणणं थांबवलं, दगडांना हळद वाहिली आणि भरली पाटी माझ्या डोक्यावर दिली. उन्हातान्हात चढण चढून जव्हारच्या सोनाराकडे पोचलो. त्याने एक दगड निखाऱ्यावर ठेवला, तर हाच वास सुटला. "हे गंधक नि लोखंड. सोनं असलंच तर आत असं मुरलेलं, की डोंगर भाजाल तेव्हा गुंजभर सुटेल," तो म्हणाला. नवऱ्याने एवढंच विचारलं, "म्हंजे हाये ना?" पाटी पुन्हा माझ्याच डोक्यावर आली. विहिरीत तो परत उतरला नाही. दगड अजून कोनाड्यात आहेत, आणि मी ओढ्यावरून पाणी आणते.