शेंदूर की दगडफूल

मावशीचा फोन आला तेव्हा मी बीडला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धूत होते. ना हाय ना हॅलो. म्हणाली, "तू ते दगडावरचं शेवाळ बघत हिंडतीस ना? मग आत्ताच्या आत्ता ये. माझी विहीर चालली."

"शेवाळ नाही गं, दगडफूल," मी म्हटलं. हे मी तिला दर दिवाळीला सांगते. काळ्या मसाल्यात टाकतेस त्याचेच हे सगळे भाऊबंद, मी त्यांचा अभ्यास करते, असं. पण तिचा आवाज ऐकून काचपट्ट्या तशाच ठेवल्या. गाडी काढली आणि निघाले.

मावशीचं गाव पालीच्या पुढं, धरणाच्या वरच्या अंगाला. मावशीचे यजमान वारले, लेकरं पुण्याला, आणि दीड एकराला पाणी म्हणाल तर ती एक विहीर. विहिरीच्या तोंडाशी माजलेली घाणेरीची झुडपं तिच्या दिरानं जेसीबी लावून काढली, तेव्हा मागं कमरेएवढा काळा दगड उघडा पडला. त्याचा माथा नारंगी. झालं! मारुती प्रकट झाले म्हणून गावाच्या ग्रुपवर फोटो फिरले आणि शनिवारी ओटा बांधायचं ठरलं. एकदा ओटा झाला की विहिरीवर चपला घालून जायचं नाही, बायांनी महिन्याचे चार दिवस फिरकायचं नाही, मोटारीची पेटी हलवायची. मग हळूहळू विहीर देवाची, म्हणजे दिराची. हे मावशीला कळत होतं तसं गावालाही कळत होतं. पण देवाच्या पुढं बोलणार कोण?

मी शुक्रवारी दुपारी पोचले. दिराच्या गोठ्यामागच्या भिंतीला, गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी गाडी लावली. भिंतीच्या वरच्या दगडांवर काहीतरी नारंगी होतं. एरवी मी तिथंच बसकण मारली असती, पण विहिरीवरून माणसांचा गलका ऐकू येत होता.

विटा आलेल्या, वाळू आलेली, आखणी करायला गवंडीही आलेला. दीर गळ्यात उपरणं टाकून उभे. मी त्यांना काका म्हणते. "या, या प्रोफेसरीणबाई," ते म्हणाले, "देवाची परीक्षा घ्यायला आलात व्हय?" चारदोन जण हसले. माझं डोकं तिथंच फिरलं, पण मी मावशीकडं बघितलं. ती पदर तोंडाशी धरून विहिरीच्या कडेला उभी होती.

मी भिंग काढलं आणि नारंगी माथ्याच्या खालच्या कडेशी वाकले. आणि अगं बाई, खरंच! आपल्याकडं दगडावरचं नारंगी बहुतेक वेळा पापडीसारखं घट्ट चिकटलेलं असतं, नखानं निघत नाही. याला मात्र बारीक बारीक पानं होती, कडा सुटलेल्या, मध्ये चिमुकल्या नारंगी वाट्या. असलं पानाचं दगडफूल मला बीडकडं कधीच भेटलं नव्हतं.

खात्री करायची एक सोपी रीत आहे. पोटॅशच्या पाण्याचा थेंब टाकायचा. शेंदूर असेल तर काही होत नाही. हे नारंगी दगडफूल असेल तर त्याचा रंग क्षणात बदलतो. ती बाटली माझ्या पर्समध्ये होती. पण थेंबानं रंग होतो तो लालभडक, थेट रक्तासारखा. भरल्या माणसांत देवाच्या डोक्यावर मी थेंब टाकणार आणि देवाच्या डोक्यातून रक्त येणार! मावशीची विहीर तर जाईलच, वर मला गावातून धड बाहेर पडता येईल का? मी पर्सची चेन लावून टाकली.

"काका, हे दगडफूल आहे," मी म्हटलं. "शेंदूर बोटाला लागतो, हे लागत नाही. तुम्हीच बोट फिरवून बघा."

त्यांनी पायातली चप्पल काढली, दगडाला हात जोडले आणि माथ्यावरून बोट ओढलं. मग ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. तेलकट, केशरी, शेंदरानं माखलेलं बोट.

"बजरंगबली की जय!" कुणीतरी ओरडलं. मी भिंगातून बघितलं होतं ते पान होतं, शंभर टक्के पान होतं. मग हे कुठून आलं?

मावशीनं पदर खाली केला. "मी लावला," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"अगं, तू? कशाला?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"खरंच मारुती असला म्हंजी? त्यो रुसला म्हंजी मला कोण हाय? पहिल्याच दिवशी थोडं तेल-शेंदूर लावला. तुला फोन केला त्याच्या आदी."

कर्म माझं! देव नाही हे सिद्ध करायला मला बोलवायचं आणि मी येईस्तोवर देवाला सांभाळून ठेवायचं. काका तर फुललेच. "ऐका मंडळी! जिची विहीर, तिनंच पूजा केली. आता कावून वाद घालायचा?" त्यांनी उद्याच्या शनिवारची वाट न बघता गवंड्याला खूण केली. गवंड्यानं पहिली वीट उचलली.

मला रडू येत होतं आणि मावशीला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मान खाली घातली तर दगडावर पांढरे ओघळ दिसले. वर बाभळीवर बगळे बसलेले. हे नारंगी दगडफूल पाखरांच्या विष्ठेवर आणि शेणामुतावर पोसतं, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. शेणमूत! आणि मला गोठ्याची भिंत आठवली.

"थांबा," मी ओरडले. "मारुती अजून एका जागी प्रकटलाय. चला, दाखवते. मावशी, शेंदराची डबी घे."

देव म्हटल्यावर सगळे आले. काकांनाही यावं लागलं. गोवऱ्या बाजूला केल्या, भिंतीवर बशीएवढा नारंगी ठिपका. मी नखानं एक कड उचलली. वर नारंगी, खाली पांढरं. "इथं कुणी शेंदूर लावलाय?" सगळ्यांनी नकाराच्या माना हलवल्या. मग थेंब टाकायच्या आधीच सांगून टाकलं, मोठ्यानं, "हे लाल होणार. लाल झालं तर दगडफूल. शेंदूर जशाच्या तसा राहतो." डबीतल्या शेंदरावर थेंब टाकला. जशाच्या तसा. मग भिंतीवर टाकला. लालभडक झालं. पुढं आलेली माणसं मागं सरली.

"रक्त नाही हे," मी म्हटलं. "आणि देवच म्हणायचा असेल तर तोच देव इथं पण आहे. काका, मग ओटा तुमच्या उकिरड्यावर बांधा. गोठा हलवावा लागेल तेवढा."

मागून एक म्हातारी फिस्सकन हसली. मग बाकीचे हसले. काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि "बगू, बगू" म्हणत घरात गेले. संध्याकाळी विटांचा ट्रॅक्टर परत गेला.

अंधार पडायच्या आत मावशी साबण आणि चिंधी घेऊन विहिरीवर आली. दगडावरचा शेंदूर मी हलक्या हातानं पुसायला लागले, खालचं पान दुखू नये म्हणून. मावशी बाजूला बसली. मला वाटलं, आता शाबासकी देईल.

"विहीर वाचली बाई तुझ्यामुळं," ती म्हणाली. "पर एक सांगू? ते गेल्यापासनं ह्या विहिरीवर माज्यासाठी कुणी सुदिक आलं न्हाई. चार दिस वाटलं, कुणीतरी आलं. लई बरं वाटलं गं."

दगडावर अजून थोडा शेंदूर राहिला होता. मी तो तसाच राहू दिला आणि चिंधी पिळून तिच्याजवळ बसले.