बाळंतिणीच्या लाडवांची मावशी

बदाम असो की पिस्ता, मावशी तो आधी नाकाशी धरायच्या. डोळे मिटून हुंगायच्या आणि खवट निघाला की दाराबाहेर कोंबड्यांकडे भिरकावून म्हणायच्या, "बाळंतिणीच्या पोटात जायचंय. असलं चालत न्हाई."

कनेरगाव नाक्यावरच्या आमच्या गल्लीत कुणाचीही लेक बाळंतपणाला माहेरी आली की सुकामेवा मावशींच्या घरी पोचायचा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. मजुरी घ्यायच्या नाहीत. एकच मागणं, "बारशाला लेकरू एकदा मांडीवर द्या."

मावशींना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे त्या बारशाला आल्या की लेकरू हटकून झोपलेलं असायचं. आमच्या गल्लीइतकी झोपाळू पोरं अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाहीत.

माझी बहीण बाळंत झाली तेव्हा सामान आणायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळामास्तर, म्हणजे आधी मोबाइलवर अभ्यास. मग ऐटीत पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

मावशींनी एक पिस्ता चाखला. "गुरुजी, हे बारवाल्यानं दिले का? खारे हायेत."

पडलो तरी नाक वर. म्हणालो, "पिस्ता दिलाला चांगला, मावशी. अक्रोड डोक्याला. रोज मूठभर खावं म्हणतात."

"मग तुमी अक्रोडच खात जा."

"तुम्ही खाता का कधी?"

"मी कुणासाठी दिल बराबर ठेवू?" त्या हसत म्हणाल्या आणि खारीक कुटायला लागल्या.

मी विरघळलो. बोलून बसलो, "या बारशाला लेकरू तुमच्या मांडीवर. माझा शब्द." आमच्या घरात माझ्या शब्दावर कधी चहासुद्धा झालेला नाही, हे त्यांना कुठून ठाऊक?

लाडू असे झाले की बहिणीच्या तोंडावर आठवड्यात तजेला आला. माझ्याही आला. बाळंतपण तिचं, पँट मात्र मला होईना.

बारशाला मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. हातात स्वतः शिवलेली कुंची. आई दारातच आडवी आली.

"झोपलंय लेकरू."

नेमकं तेव्हाच आतून पोरगं असं कोकललं की बसलेल्या बायका गप्प झाल्या. बहिणीनं हळूच आतलं दार लोटलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात त्यांचाच लाडू होता. मी तो गिळेपर्यंत आई म्हणाली, "कुंची ठेवा तिथं. जेवून जा."

"भूक लागली आसंल त्याला. आदी त्याला घ्या," मावशी म्हणाल्या आणि कुंची तशीच मुठीत धरून पायऱ्या उतरल्या.

संध्याकाळी आईनं मीठमिरच्या ओवाळून लेकराची दृष्ट काढली. हात धुऊन बहिणीला लाडू दिला.

पुढं मावशी घराला कुलूप लावून साखऱ्याला भावाकडे गेल्या, त्या गेल्याच. यंदा बहीण दुसऱ्या खेपेला आली. मी पिशवी घेऊन कुलपापर्यंत जाऊन परत आलो.

आईला खरंच वाईट वाटलं. "सांगून तरी जायचं," ती म्हणाली. "आपण काय कमी केलं व्हतं त्या बाईचं? बारशाला बोलावलं तर व्हतं."