टॅबवर चालत न्हाई म्हणे!

आमच्या केंद्रात चार टॅब आले त्याला दुसरं वर्ष लागलं. टॅबची बॅटरी दुपारी उतरते, पण टॅबचे किस्से काही संपत नाहीत. स्टाफरूममध्ये एक सांगायला घ्यावा, तर शेजारचा म्हणतो, "अन् ते उठायचं सांगा की!"

आमचं लातूरचं दूरशिक्षण केंद्र. नोकरी, शेती, घर सांभाळून शिकणारे विद्यार्थी. त्यांना वेबवरचे लेख वाचायला द्यायचे आणि त्याच पानावर, ओळीच्या बाजूला, आम्ही टिपणं लिहायची. त्यासाठी एक टूल होतं. टूल बनलं कॉम्प्युटरसाठी, आम्हाला मिळाले टॅब! लिहिणारे चौघं : मी मराठीची, जाधव सर इतिहासाचे, शेख सर अर्थशास्त्राचे आणि ग्रंथपाल कांबळे मॅडम.

*

पहिल्याच दिवशी कळलं, टॅबच्या ब्राउझरमध्ये हे टूल बसतच नाही. आम्ही तिघांनी टॅब कपाटात ठेवले. कांबळे मॅडमनी ठेवला नाही.

तीन दिवस त्या एकच खटपट करत राहिल्या होत्या. कुठलंही पान बुकमार्क करायचं, त्याचा पत्ता पुसायचा आणि तिथं टूलवाल्यांनीच दिलेली कोडची एक ओळ चिकटवायची. यादीतून दाबलं तर ढिम्म. पण वर पत्त्याच्या जागी बुकमार्कचं नाव टाईप करून खाली आलेल्या नावावर बोट ठेवलं, की टिपणांची पट्टी हजर!

त्या बुकमार्कला मॅडमनी नाव दिलं होतं, 'ऊठ'.

जाधव सर बघतच राहिले. "माझी पोरं वर्गात तीनदा म्हटलं तरी उठत न्हाईत. हे एकदाच टाईप केलं की उठलं!"

*

मग दुसरं दुखणं. शब्दावर बोट दाबून धरलं की टॅबचा स्वतःचा मेनू वर यायचा : कॉपी करा, शेअर करा, शोधा. आमचं टिपणाचं बटण नेमकं त्याच्याखाली झाकलेलं! शेख सरांनी एकाच दिवसात तीन लेख चुकून स्वतःच्या सासऱ्यांना शेअर केले.

सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, महागाईचं एवढं का मनाला लावून घेताय?"

पण उपाय सरांनीच काढला. हवी ती ओळ सरकवून पार स्क्रीनच्या माथ्यावर न्यायची. वर जागाच नाही म्हटल्यावर मेनू मुकाट खाली उतरतो, बटण मोकळं!

"फिकीर नको," सर म्हणाले, "त्याला बसायला जागाच द्यायची न्हाई!"

*

जाधव सरांचे लेख जुने, स्कॅन केलेले. म्हणजे पान नव्हे, पानाचा फोटो. त्यात शब्द निवडता येत नाही. सरांनी फोटोखालचा पानाचा आकडा निवडला आणि सगळी टिपणं त्यालाच लटकवली. सर मूळचे अर्धापूरकडचे, पत्ता सांगायची सवय गावाकडची. टिपण असं : "तिसऱ्या परिच्छेदात शिरा. सरळ चार ओळी खाली या. डाव्या हाताला लई लांबलचक शब्द लागंल. त्याच्या पुढचं वाक्य महत्त्वाचं!"

एकही विद्यार्थी चुकला नाही.

*

सुरेखा आमची विद्यार्थिनी, एसटीत कंडक्टर. गाडी थांबली की मोबाईलवर तेच 'ऊठ' टाकून वाचायची. परीक्षेच्या दोन दिवस आधी तिचा बिलोली स्टँडवरून फोन, आवाज रडवेला.

"मॅडम, पान उघडतंय, पण तुमचं लिहिलेलं कायच न्हाई. परवा पेपर हाय!"

माझ्या टॅबवर तर सगळं दिसत होतं. कांबळे मॅडमनी फोन घेतला. "लिंक कुठून आली?"

"मैत्रिणीनं पाठवली."

"पत्ता वाच मला. अक्षर न् अक्षर."

सुरेखानं वाचला. मधे प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढं ही लांब शेपटी. लिंक फॉरवर्ड होता होता चिकटलेली. त्यामुळं टूलला ते पान वेगळंच वाटत होतं.

"प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं पूस. आता उघड अन् 'ऊठ' टाक."

सुरेखा एकदम ओरडली, "आलं, आलं! समास भरला, मॅडम!"

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, गाडी आली का?"

सुरेखा फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा युनिफॉर्मवरच होती. आधी कांबळे मॅडमच्या पाया पडली, मग आमच्या.

*

आम्ही अगदी सुरुवातीला टूलवाल्या कंपनीला मेल केली होती. उत्तर आलं वर्षभरानं : "टॅबवर ही सोय उपलब्ध नाही. कृपया लॅपटॉप वापरावा."

कांबळे मॅडमनी चष्मा पुसला. चार पानांवर सुवाच्य अक्षरात सगळं लिहून काढलं, आकृत्यांसकट, फोटो काढले आणि त्याच मेलला जोडून पाठवले. वर एवढंच : "उपलब्ध आहे. कसं ते सोबत."

पंधरा दिवसांनी कंपनीतून फोन. आम्ही स्पीकर लावायला लावला. साहेब लई अदबीनं बोलत होते. "मॅडम, आमच्या सपोर्ट टीमला ऑनलाईन ट्रेनिंग द्याल का? वीस जण आहेत."

मॅडमनी आमच्याकडं बघितलं. जाधव सर खुर्चीतून अर्धे उठले होते.

"देते की," मॅडम म्हणाल्या. "पण लॅपटॉप कुणी आणायचा नाही."