धोटा की धोंडा

गिरिधर पांढरीपांडे यांनी चौतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधन केलं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं आणि चुका काढायच्या. निवृत्त झाल्यावर काम गेलं, डोळ्यांची सवय राहिली. धरमपेठेत फिरायला निघाले की ते दुकानांच्या पाट्या थांबून थांबून वाचत आणि उत्तराताई, त्यांच्या पत्नी, चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहत.

मग मुलीनं, गार्गीनं, त्यांना आमच्या 'नागपूरच्या गप्पा' या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. साडेतीनशे माणसं, आणि एकाचंही ऱ्हस्व-दीर्घ धड नाही. पांढरीपांडे सरांना जणू नोकरी परत मिळाली. कोणी 'आणी' लिहिलं की मिनिटभरात खाली तारा काढून '*आणि'. वाढदिवसाला 'हार्दीक शुभेच्छा' दिल्या की '*हार्दिक'. एकाचे काका वारले, तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजलि'च्या खाली '*श्रद्धांजली' आलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कोणी काही बोललं नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्या भाच्याच्या लग्नपत्रिकेचा मसुदा मी ग्रुपवर टाकला होता, त्यातला चुकीचा 'आशिर्वाद' एकट्या सरांनाच दिसला. चारशे पत्रिका छापायला जायच्या होत्या. तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. त्यामुळे सर करतात ते बरं की वाईट, हे माझं कधी ठरलंच नाही.

त्याच ग्रुपवर चंद्रकला सोनकुसरे होत्या. गांधीबागेत त्या साड्यांना फॉल-पिको करून देतात. माहेर खाप्याचं, विणकराचं. शाळा सातवीपर्यंत. घरातले माग बंद पडले, भाऊ दुसऱ्या कामांना लागले आणि यांच्या हाती शिलाईचं मशीन आलं. दोन वर्षं त्या ग्रुपवर नुसत्या फुलांची चित्रं पाठवत होत्या. मार्चातल्या एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं:

"माझी आई खाप्याले मागावर लुगडी विणे. दिवसभर धोटा फेकत राहे आणी मी कांड्या भरून देत होती. दुपारले तिचा हात थांबला का मले समजे, आता तिले भुक लागली."

वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. काय उत्तर द्यावं याचा विचार करतेय, तोवर सरांचा संदेश आलाच: "*खाप्याला. *आणि. *दुपारी. *मला. *तिला. *भूक. *धोंडा."

धोटा म्हणजे कांडीवर गुंडाळलेलं आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारी, नावेसारखी लाकडी वस्तू. ते सरांना ठाऊक नव्हतं.

पहिला तुटून पडला तो अंकित, बँकेतला. "सर, आई दिवसभर धोंडा फेकत राहे? कोणाच्या डोक्यात?" मग जो हशा उसळला! दगडांची चित्रं काय, हेल्मेट काय. ज्यांना ज्यांना आजवर तारा मिळाला होता, त्या सगळ्यांनी त्या दिवशी हात धुऊन घेतले. काका वारलेले गृहस्थही त्यात होते.

सरांनी शब्दकोश उघडला. धोटा तिथे होता, अर्थासकट. "प्रेसमध्ये शंका आली की आधी कोश बघायचो," ते नंतर मला म्हणाले. "इथे शंकाच आली नाही हो मला!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"पांढरीपांडे सर का? मी चंद्रकला बोलून राहिली, फॉल-पिकोवाली."

सरांना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"लोकं तुम्हाले बहुत हसून राहिले जी. मी थांबा म्हटलं, कोणी ऐकत नाही. मले नाही बरं वाटलं."

"चूक माझी आहे, चंद्रकलाताई."

"धोंड्याचं तर मलेही हसू आलं. आणी-बिणी चुकलं असंन, ते चुकलंच. मले शिकाचं आहे ते. पण तुम्ही माझं 'मले' काहून काढलं? आई तशीच बोले. 'मला' केलं का ती माझी आई वाटत नाही, शाळेतली बाई वाटते कोणी."

शेजारी बसलेल्या उत्तराताईंना फोनमधलं ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "सकाळी तुम्हीच मला विचारलंत, चहा काहून थंड झाला म्हणून."

"आणखी एक," चंद्रकलाताई म्हणाल्या. "चूक दिसली तर सांगत जा. पण मले फोन करून सांगा. साडेतीनशे लोकांसमोर नको."

सरांनी ग्रुपवर लिहिलं: "धोटा हाच शब्द बरोबर आहे. मी कोश न बघता दुरूस्ती केली. चंद्रकलाताईंची क्षमा मागतो."

अर्ध्या मिनिटात अंकितचं उत्तर: "*दुरुस्ती."

सर सांगतात, त्या ताऱ्याकडे बघताना त्यांचे कान तापले. माफी मागतोय आणि याला उकार दिसतोय! मग एकदम त्यांना आठवलं, त्या श्रद्धांजलीखाली आपणही हेच केलं होतं. काका वारलेल्या गृहस्थांना त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी ग्रुपवर सरांना 'सुप्रभात' म्हटलं.

पुढच्या आठवड्यात सर उत्तराताईंची साडी फॉल लावायला घेऊन गांधीबागेत गेले. चंद्रकलाताईंनी स्टूल पुढे केलं. "बसा जी." सरांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "धोटा झाला. आणखी काय काय असतं मागाला?" तासभर दोघं बोलत बसले. सर साडी द्यायचीच विसरले आणि ती तशीच परत घेऊन आले.

आता चंद्रकलाताई लिहिलेलं आधी सरांकडे पाठवतात. ऱ्हस्व-दीर्घ ते सुधारतात, 'मले-तुले'ला हात लावत नाहीत. तरी भांडणं होतातच. परवा सरांनी वाक्य लांब झालं म्हणून एकाची तीन केली, तर ताईंनी ती परत जोडून ग्रुपवर टाकली.

"आई बोलाले लागली का मधात थांबत नव्हती," त्यांनी फोनवर सुनावलं.

"श्वास तरी घेत असेल!" सर ओरडले.

"घेत होती ना. पण कामाच्या मधात."

ग्रुपवरच्या त्या जोडलेल्या वाक्याला सत्तर जणांनी बदाम पाठवले. सरांनी पूर्णविराम मोजले. एकच होता.