कणकेतला ठसा

५ जानेवारी १९३६. पोळ्यांसाठी कणीक मळत होते. यजमानांनी त्यातला गोळा मागितला. मोटरसायकलवरून सटाण्यापर्यंत औषधं विकण्याची त्यांची नोकरी होती. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून पातळ केल्यामुळे आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात जागा कमी उरली होती. त्यांनी पिस्टनवर कणीक थापून इंजिन हाताने फिरवलं. व्हॉल्व्हचा ठसा उमटला, पण कणीक फाटली नाही.

“बघ, जागा आहे!”

“हाताने फिरवताना आहे. स्प्रिंगा थकल्यात, हे कालच म्हणालात ना? वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटला नाही आणि पिस्टन त्याच्यावर आला तर?”

“नव्या स्प्रिंगा येईपर्यंत मालक थांबेल? तू पोळ्या लाट.”

मी लाटल्या. ते गाडी जोडून फिरतीवर निघाले. गावातल्या द्वारका नाक्यापुढे वेग घेताच व्हॉल्व्ह आदळून पिस्टन फुटला. यजमान गाडी ढकलत घरी आले.

गाडीविना नोकरी उरली नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची औषधांची बॅग मीच मालकाला परत देऊन आले.