अर्थिंगची ती तार

हे मी सुनंदालासुद्धा सांगितलेलं नाही. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिच्यापासून मी चोरून ओढलेल्या विड्या लपवू शकलो नाही, पण हे मात्र लपवलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या नात्यातले नाही म्हणून असेल. परक्या माणसापुढे जीभ जरा सैल सुटते.

गोष्ट माझ्या साडूची आहे. दत्ताराम, सुनंदाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दत्तादादा म्हणतो. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. म्हशी, भातशेती, आणि लग्नसराईत लाउडस्पीकर लावायचा जोडधंदा. मी महाडचा. एमआयडीसीतल्या कारखान्यात मीटरं दुरुस्त करत नोकरी संपवली. आम्हा दोघांना एकच खोड — भंगारातल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह काढायचे आणि त्यांचे अँप्लिफायर बनवायचे. सासूबाई म्हणायच्या, माझ्या पोरींना नवरे मिळालेच नाहीत, दोन मेकॅनिक मिळाले.

काय दिवस होते ते! सुट्टी आली की मी सकाळच्या एसटीने वाडीवर जायचो. त्यांच्या पडवीत पोतं पसरून बसायचं, एका बाजूला म्हशी रवंथ करतायत, दुसऱ्या बाजूला काया, म्हणजे तारा डाग देऊन जोडायचं तापतं हत्यार, आणि त्यावर राळ जळल्याचा वास. वहिनी, म्हणजे सुनंदाची ती थोरली बहीण, चहाचे कप ठेवून जायच्या आणि ते तसेच गार व्हायचे. मग ओरडायच्या, "त्या डब्यालाच पाजा आता चा!" दत्तादादा मान वर न करता म्हणायचे, "तो पीत नाय गो, नायतर पाजला असता."

आता तुम्हाला व्हॉल्व्हचं माहीत नसेल तर थोडं सांगायला हवं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा दिवाच. तो आतून तापला की बोलतो. तापवायला त्याच्या पोटात बारीकशी तार असते, तिला हीटर म्हणतात. घरातली वीज कमी करून तशीच हीटरला दिली, की स्पीकरमधून 'घुंऽऽ' असा आवाज सुरू होतो. गाणं चालू असताना कळत नाही. पण गाणारा श्वास घ्यायला थांबला रे थांबला, की घुंऽऽ. आम्ही त्याला हमिंग म्हणतो. ते घालवायला हीटरची वीज बॅटरीच्या विजेसारखी सरळ करावी लागते, मोठे कंडेन्सर घालावे लागतात, तारा एकमेकींना पीळ देऊन चॅसिसच्या, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याच्या, कडेकडेने न्याव्या लागतात, आणि हीटरची एक तार चॅसिसला जोडावी लागते, ते अर्थिंग. एवढं करूनही ते जाईलच असं नाही. आम्ही दोघं स्पीकरच्या कापडाला कान लावून बसायचो आणि एकमेकांकडे बघायचो — आहे अजून? आहे.

तर एका शिमग्याला सासुरवाडीला, पाचाडला, पैज लागली. सासरे — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — तिथे खाणावळ चालवत. त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांचा ढीग होता, आणि वाजवायला काहीच धड नव्हतं. ते म्हणाले, "दोघं आपापला डबा घेऊन या. ज्याचा गुरगुरणार नाय, त्याचा डबा माझ्या घरात राहील."

माझा गुरगुरत होता. भयंकर गुरगुरत होता. पाचाडला निघायचा दिवस आला तरी काही केल्या थांबेना. मग मी काय केलं — हसू नका — व्हॉल्व्हच्या सगळ्या तारा आतून सोडवल्या, फक्त हीटरच्या ठेवल्या. आणि चॅसिसच्या पोटात आय.सी.चा एक तयार बोर्ड बसवला, टीव्हीच्या स्पीकरला असतो तसला. वरून व्हॉल्व्ह लालबुंद पेटलेले दिसायचे, पण ते नुसते शोभेचे. गाणं म्हणत होता तो खालचा बोर्ड.

अण्णांनी तबकडी लावली. गाणारा श्वास घ्यायला थांबला, खोलीत चिडीचूप. अण्णांचे डोळे पाणावले. म्हणाले, "व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्हच!" मग दत्तादादांचा लावला. त्यांचा खरा होता. त्यात थोडीशी घुंऽऽ होती, अगदी थोडी. अण्णा म्हणाले, "दत्ताराम, तुझ्यात माशी शिरली हाय रे!" सगळं घर हसलं. मीही हसलो.

एवढंच असतं तर मी हे केव्हाच सांगून टाकलं असतं. साडू-साडूंत एवढी लबाडी चालते. पुढच्या शिमग्याला मीच झाकण उघडून दाखवलं असतं आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. मला सांगायचंय ते हे नाही.

पाचाडहून परतल्यावर थोड्या दिवसांनी आम्ही दोघं सव गावाला गेलो होतो, गरम पाण्याच्या कुंडावर. दत्तादादांचे गुडघे धरायचे, त्यांना त्या पाण्याने बरं वाटे. गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते. मध्येच म्हणाले, "साडू, खरं सांग. हीटरला काय केलंस तू?"

त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. हेवा नव्हता. शाळेतलं पोर पुढच्या बाकावरच्याला गणित विचारतं, तसं विचारलं. मी तेव्हा सांगायला हवं होतं ना? ते इतके मोठ्याने हसले असते की कुंडावरची माणसं वळून बघत राहिली असती. पण माझ्या मनात वेगळंच आलं. यांची घुंऽऽ आता एवढीशीच उरलीय. पुढच्या वर्षी हे मला गाठणार — आणि खरे व्हॉल्व्ह लावून गाठणार.

मी म्हणालो, "दादा, हीटरचं अर्थिंग काढून टाका. ती तार मोकळी सोडा. पहिल्यांदा हमिंग वाढेल, पण मग कंडेन्सर वाढवत न्या, जाईल."

त्याने हमिंग वाढतं आणि जात नाही, हे मला माहीत होतं का? हो. तोंडातून शब्द निघत असतानाच माहीत होतं.

त्यांनी तार तोडली. मग फोन यायचे. "वाढलंय रे." मी म्हणायचो, कंडेन्सर वाढवा. "अजून वाढलंय." मी म्हणायचो, ट्रान्सफॉर्मर बदला. त्यांनी स्वतः बसून नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. ती तार परत जोडून बघावी असं त्यांच्या मनात आलं नसेल? आलं असेल. पण साडूने सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. ते मला विचारायचे, माझं काय चुकतंय? आणि मी विचारात पडल्यासारखं करायचो.

शेवटी एक दिवस ते अख्खा डबा पोत्यात बांधून महाडला घेऊन आले. "तुझ्या हाताला यश हाय. माझ्याच्यानं नाय होत. म्हशींचं बघतो आता." एवढं बोलून एसटीला गेले. त्यानंतर त्यांनी काया हातात धरला नाही. माझंही वाडीवर जाणं कमी झालं — जाऊन करणार काय? पडवीतलं ते पोतं वहिनींनी भाताला वापरून टाकलं.

डबा मी उघडला. काय सुरेख काम होतं! एकेक डाग मोत्यासारखा. मी ती एक तार चॅसिसला जोडली आणि स्पीकरच्या कापडाला कान लावला. काही नाही. खरे व्हॉल्व्ह, आणि काहीही नाही. मला आयुष्यात जे जमलं नाही ते त्यांनी केलं होतं, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

पुढे एकदा ते आले तेव्हा मी तोच डबा लावला. तेव्हा तरी सांगीन असं ठरवलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, "मेलेला डबा जिता केलास रे." मी म्हणालो, चहा घ्या दादा.

अण्णा आता नाहीत. दत्तादादा आहेत, थकलेत. परवा नात्यातल्या एका लग्नात त्यांनी मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यो माझा साडू. मला जन्मात जमलं नाय ते ह्यानं एका बैठकीत केलं." मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.