चिकटवलेली नाव

मुलीने ठोकळ्यांची नाव केली आणि मी ती तिच्या नकळत चिकटवली. घडलं एवढंच. पण त्या गोंदाचा डोळ्यांत झोंबणारा वास आठवला, की अजून मला स्वतःची किळस येते.

रेल्वे यायच्या आधी सतलजवरून धान्य, मीठ, कापूस वाहणाऱ्या नावा असत. सपाट बुडाच्या, मागच्या बाजूला उंच उचललेल्या. त्यांचं एक जुनं चित्र तिला सापडलं होतं. लहानपणापासून जमवलेले प्लास्टिकचे ठोकळे तिने जेवणाच्या टेबलावर ओतले, आणि महिनाभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो. नावेचं पुढचं टोक मनासारखं वळेना, म्हणून ती ते पुन्हा पुन्हा मोडायची. ठोकळे चिकटवायचे नाहीत, हा तिचा एकच नियम होता. चिकटवलेला ठोकळा मेला, असं ती म्हणे. त्याचं पुढे काहीच होत नाही.

इथे, सतलजकाठच्या आमच्या शहरात, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या हस्तकलेचं टेबल मांडतात, बक्षीसही देतात. डॉक्टर, प्राध्यापक, बदलीवर आलेली लष्करातली कुटुंबं, सगळे एकमेकांच्या मुलांची मापं काढत फिरतात. त्यात मी कुणाच्या मागे नाही. आदल्या वर्षी तिची पवनचक्की गाडीतच कोसळली होती. तिने हॉलमध्ये फतकल मारून ती शांतपणे पुन्हा जोडायला घेतली. लाज वाटली ती मला.

म्हणून या वेळी ती ट्यूशनला गेल्यावर मी गोंद काढला. फटीफटीत थेंब सोडत गेलो. तपकिरी प्लास्टिकवर पांढुरकी साय धरली, ती पुसूनही निघेना. बोटं एकमेकांना चिकटली, सोडवताना कातडी निघाली. हे सगळं करताना मी गाणं गुणगुणत होतो. मला सगळ्यात घाण वाटतं ते हेच.

हॉलमध्ये एका निवृत्त कर्नलसाहेबांनी डोलकाठीला धरून अख्खी नाव वर उचलली.

"काय पक्की आहे यार. हिला बॉर्डरवर पाठवू."

लोक हसले. खरं तर डोलकाठी त्यांच्या हातात यायला हवी होती आणि नाव जागेवर राहायला हवी होती. मुलगी जवळ गेली. तिने त्या पांढऱ्या डागावर नख घासलं आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, ग्लू लगाया ना आपने?"

"नाही गं. तूच घट्ट बसवलीस."

ती जाऊन खुर्चीत बसली. बक्षिसासाठी तिचं नाव पुकारलं, तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "काकू, ये मेरी नहीं है. बाबा की है."

लोकांना ते लेकीचं कौतुक वाटलं. टाळ्या पडल्या. माइकवरच्या काकू म्हणाल्या, "या हो बाबा, लाजताय काय?" आणि मी गेलो. लहान मुलांसाठी आणलेली रंगपेटी मी दोन्ही हातांनी घेतली, फोटोसाठी हसलो. त्या टाळ्यांत क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं.

घरी येऊन सुरीच्या टोकाने ठोकळे सुटे करायला बसलो. सुटेनात, तुटायला लागले. ती पाणी प्यायला आली आणि बघत उभी राहिली.

"छोड़ दो बाबा."

"मी मंडळात सांगतो सगळ्यांना. खरं काय ते."

"नहीं बताओगे आप," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पेला विसळून तिने पालथा घातला आणि ती झोपायला गेली.

तिचं खरं ठरलं. त्यानंतर कोजागरीला मंडळात गेलो, दिवाळी फराळालाही गेलो. कुणी नावेचा विषय काढला की मी मान डोलावतो. इथे लिहितोय ते सोपं आहे, कारण इथे मला कुणी ओळखत नाही.